काकांचं छप्पर

आमच्या शहरातल्या जुन्या आइस हॉकी अरीनाचं छप्पर ज्यांनी डिझाइन केलं, ते काका रिटायर झाले तरी एकही मॅच चुकवत नाहीत. खेळ मात्र बघत नाहीत. मान वर करून छप्पर बघतात. शेजारी कोणी बसलं की अरीनाचा इतिहास सुरू: "इथे नुसतं मक्याचं शेत होतं रे. मग आम्ही आलो!" कोण जिंकलं, कोण हरलं, असल्या किरकोळ गोष्टी त्यात नसतात.

२००६च्या हिवाळ्यात अरीना पाडायची चर्चा सुरू झाली. तेव्हाच एका मॅचला काकांच्या टकलावर टपकन थेंब पडला.

"काका, छप्पर गळतंय?" मी विचारलं.

"छे! घाम आलाय," म्हणत त्यांनी मफलर घट्ट गुंडाळला.

तेव्हापासून त्या खुर्चीवर ते दुसऱ्या कुणाला बसू देत नाहीत. स्वतः बसतात, कानटोपी घालून.