तू स्वतः पाहिलंस का?

म्हात्रे सर गेल्याची बातमी मला ई-मेलने कळली, आणि तीही फिरत फिरत आलेली. वर पंचवीस-तीस पत्ते, मग बाणांची रांग, आणि सगळ्यात खाली दोन ओळी... पनवेलचे आपले टायपिंगचे म्हात्रे सर काल वारले, सर्वांना कळवा. पहिल्यांदा कुणी लिहिलं, त्याचा पत्ता नाही. मी कुणालाही कळवलं नाही. सरांनीच लावलेल्या शिस्तीप्रमाणे आधी त्यांच्या घरचा नंबर फिरवला. वाटत होतं, सरच उचलतील आणि विचारतील, ‘‘सुनीता, तू स्वतः पाहिलंस का?’’ फोन सरांच्या पत्नीने, काकूंनी उचलला. त्यांच्या नुसत्या ‘हॅलो’वरून मला सगळं कळलं. आजवर इतक्या खोट्या बातम्या आल्या, नेमकी ही खरी निघावी!

सर मूळचे पनवेलजवळच्या कोन गावचे. बाजारपेठेतल्या एका गोदामाच्या माडीवर त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. दहा-बारा मशिनी एकदम खडखडायला लागल्या की खालचा दुकानदार छताकडे बघून हात जोडायचा. नव्या मुलीच्या बोटांवर सर पांढरा रुमाल टाकायचे, अक्षरं शोधायची नाहीत म्हणून. माझ्या बोटांवर तो रुमाल सहा महिने होता. त्या रुमालाच्या जोरावर मला न्हावा शेवा बंदरातल्या एका शिपिंग एजंटाच्या ऑफिसात नोकरी लागली. तिथे कॉम्प्युटर आले, ई-मेल आला, आणि एके दिवशी सर मला म्हणाले, ‘‘आता तू शिकव, मी बसतो.’’ साठीला टेकलेला माणूस वही-पेन्सिल घेऊन माझ्यासमोर बसला. माऊस सरकत टेबलाच्या कडेपर्यंत गेला की सर माझ्याकडे बघायचे, आणि मी मोठ्या रुबाबात त्यांना ओरडायची. आज आठवलं की कानकोंडं व्हायला होतं.

माडीवर मोडेम आला तसा सरांनी एक नवाच उद्योग अंगावर घेतला. आसपासच्या गावांतली कितीतरी मुलं जहाजांवर. बंदरात उतरली की तिथल्या कॅफेतून, जो कुणी सोबत असेल त्याच्या खात्यावरून, सरांच्या पत्त्यावर मेल टाकायची. वर विषयाच्या जागी घरच्यांचं नाव. सर ते छापायचे, छापील बाजू आत ठेवून कागदाची घडी घालायचे आणि स्कूटरवरून पार विचुंबे गावापर्यंत पोचवून यायचे. दुसऱ्याचं पत्र कधी वाचायचे नाहीत. घरातल्या म्हातारीला वाचता येत नसलं, तर मात्र ओटीवर बसून मोठ्यांदा वाचून दाखवायचे, ‘‘आये, तुजा पोर बरा हाय, ताप नाय आता...’’ वर्गात आम्हाला शुद्धलेखनावरून धारेवर धरणारे हेच का ते सर, असा प्रश्न पडावा.

दोन वर्षांपूर्वी माझ्या ऑफिसात एक इशारा आला. ‘गुड न्यूज’ असं नाव असलेली मेल उघडू नका, उघडलीत तर कॉम्प्युटरमधलं सगळं साफ होईल, बघताक्षणी पुसून टाका आणि ओळखीच्या सगळ्यांना कळवा. मोठ्या कंपनीचा हवाला, सगळं मोठ्या अक्षरांत. मी घाबरले. खरं सांगायचं तर थोडी खूशही झाले. आपल्याला आधी कळलं, आपण सगळ्यांना वाचवणार! चहा संपायच्या आत चाळीस जणांना पाठवून मोकळी झाले. त्यांत सरही होते. महिन्याभराने आमच्या कॉम्प्युटरवाल्याने सांगितलं की असला व्हायरस कधी नव्हताच, कुणीतरी टवाळकी केली होती. मी हसले आणि कामाला लागले. धोका आहे हे चाळीस जणांना कळवलं होतं, धोका नाही हे एकालाही कळवलं नाही.

त्याच सुमारास सरांचा धाकटा भाऊ यशवंत परदेशातल्या एका बंदरात हार्ट अटॅकने गेला. सरांनी त्याला मुलासारखं वाढवलेलं. मी भेटायला गेले तेव्हा सर माडीवर मशिनींना तेल घालत बसले होते. पुढे त्यांच्यात एक विचित्र खोड शिरली. कुणी कसलीही फॉरवर्ड केलेली मेल पाठवली, मग ती व्हायरसची असो की आजारी मुलासाठी दहा जणांना पाठवा अशी गयावया असो, सर पाठवणाऱ्याला फोन करायचे. ‘‘तू स्वतः पाहिलंस का? ज्याने पाहिलं त्याचा नंबर दे.’’ आम्ही माजी विद्यार्थी त्यांना ‘चौकशी आयोग’ म्हणायचो. एकदा ऑफिसात कामाच्या रगाड्यात त्यांचा फोन आला आणि मी वैतागले. म्हटलं, ‘‘सर, पटत नसेल तर पुसून टाका ना, त्यात काय एवढं?’’ सर म्हणाले, ‘‘हो. पुसायला काही लागत नाही.’’ आणि फोन ठेवला. मला वाटलं, म्हातारपणी माणूस हळवा होतो.

तेराव्यानंतर काकूंकडे गेले होते. काकू इन्स्टिट्यूटचं कपाट आवरत होत्या. बोलता बोलता यशवंतचा विषय निघाला. त्याची बॅग घेऊन त्याच्याबरोबरचा खलाशी घरी आला होता, तेव्हाचं त्या सांगू लागल्या. ‘‘तो पोर बोल्ला, यशवंतानं माज्याच खात्यावरनं मेल टाकली व्हती, वर ‘गुड न्यूज’ मीच लिवून दिलं. लई खुशीत व्हता. पयली खबर दादाला, मंग बाकीच्यांना, असा बोल्ला. काय खबर ती त्या पोराला पन नाय सांगितली. प्रत पन नाय ठेवली. आनि ह्यांनी तर ती न उघडताच पुसलेली, गो! कुनाचा तरी इशारा आलेला म्हनून. लगीन जमलं व्हतं, का बढती मिळाली, का घरी येनार व्हता... आजून आमाला ठावं नाय.’’

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. काकूंनी एका फाइलमधून एक कागद काढला. प्रत्येक नव्या बॅचला सर हा दाखवायचे म्हणे. तोच इशारा होता, मोठ्या अक्षरांतला. खाली लाल शाईत सरांचं अक्षर, टायपिंगच्या पेपरवर शेरा मारावा तसं, ‘हेतू चांगला. तपासलं नाही.’ आणि वरची कडा कात्रीने सरळ कापलेली, पाठवणाऱ्याचं नाव असतं तिथे. ‘‘कुनी पाठवलेला ते मी किती येळा इचारलं,’’ काकू म्हणाल्या, ‘‘ते सांगायचेच नाय. बोलायचे, त्या मान्साला कळलं तर ते जन्मभर सोताला खात बसंल.’’

त्या दिवशी मी तशीच उठून घरी आले. नंतर दोनदा गेले, दोन्ही वेळा चहा पिऊन, इकडचं तिकडचं बोलून परत आले. सरांनी दोन वर्षं हे एकट्याने सोसलं, माझं फोनवरचं बोलणं ऐकून घेतलं, आणि मला तोंडातून एक वाक्य काढता येईना. लाज वाटते, आणि त्याहून जास्त, सरांची आठवण येते. म्हणून हे लिहायला बसले. काकू, रविवारची पुरवणी तुम्ही चष्मा लावून शेवटच्या पानापर्यंत वाचता, मला माहीत आहे. त्या कागदावर सरांनी कापलेलं नाव माझं होतं. हे छापून येईल त्या संध्याकाळी मी तुमच्याकडे येईन. दार उघडायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.