उद्या पाणी कुणाचं?

आमच्या ग्रामपंचायतीत संगणक परिचालक म्हणून आधी जो मुलगा होता, तो दाखला मागायला गेलेल्या माणसाला "सर्व्हर डाऊन आहे" एवढंच सांगायचा. त्यामुळे त्याच्या जागी मोनिका आली तेव्हा मी फारशा अपेक्षा ठेवल्या नव्हत्या. मी कल्पना, गावठाणात पिठाची गिरणी चालवते, पंचायतीची सदस्य आहे आणि पाणी समितीवरही आहे. गिरणीत दळणाबरोबर गावाची सगळी खबर येते आणि ती मी पोटात ठेवत नाही. माझा हा स्वभाव गावाला ठाऊक आहे.

मोनिका माहेरची भूगावची. वडील एका सोसायटीत इलेक्ट्रिशियन, घर तिसऱ्या मजल्यावर, नळ सोडला की पाणी. कॉम्प्युटरमध्ये बीएस्सी झाली आणि आमच्या टेकडीवरच्या धम्मपालशी लग्न करून इकडे आली. आमचं गाव भरे गावाच्याही पुढे. निम्मी पोरं पिरंगुटच्या कारखान्यांत, बाकीची भातात. टेकडीवर बौद्ध वस्ती आहे. तिथे योजनेचा नळ प्रत्येक दारात आहे, पण पाणी खालच्या आळीतून भरून डोक्यावरून वर न्यायचं. लग्नाची हळद उतरायच्या आत सासूने, आक्काबाईने, तिच्या हातात कळशी दिली. सुरुवातीला रोज रडू यायचं, असं ती मला एकदा म्हणाली. मग रडायचाही कंटाळा आला म्हणे.

पाण्याची आमची योजना तशी झकपक. टाकी दुसऱ्या एका उंचवट्यावर, टेकडीच्या वस्तीपेक्षा जेमतेम वर. ठेकेदाराने टाकीखाली विजेवर फिरणारे व्हॉल्व्ह बसवले आणि पंचायतीच्या कॉम्प्युटरवर एकेका वस्तीची छोटी फाईल करून दिली. तिला स्क्रिप्ट म्हणतात. पहाटे ठरल्या वेळी कॉम्प्युटर आपला आपण ती चालवतो आणि तिच्यात लिहिलेला हुकूम व्हॉल्व्हला जातो: उघड, गावठाण. ती पाळी संपली की दुसरी फाईल: उघड, मधली आळी. पूर्वी हे सगळं आमचा पाणीवाला बहिरू हातात पाना घेऊन करायचा. आता तो नुसता बघत बसायचा आणि त्याचा त्याला मनस्वी राग होता.

टेकडीची फाईलच नव्हती. ती वस्ती योजनेत मागाहून धरली. तेव्हा ठेकेदाराच्या माणसाने तिचा व्हॉल्व्ह खालच्या आळीच्या फाईलीत चिकटवून दिला आणि हात झटकले. दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडायचे. पाणी कशाला चढण चढतंय, ते सरळ खालच्या आळीत जायचं. टेकडीवरचे नळ जरा फुसफुसायचे आणि गप्प बसायचे. सरपंच हैबतरावांनी ठेकेदाराला फोन केला तर तो म्हणाला, नवी फाईल म्हणजे नवं काम, पुढच्या वर्षीच्या आराखड्यात घाला. पुढची वर्षं येत राहिली आणि आक्काबाईचे गुडघे झिजत राहिले.

मोनिकाने नोकरीला लागल्यावर त्या फाईली उघडून बघितल्या. शब्दाला शब्द सारख्या. फरक एवढाच की एकीत गावठाण लिहिलेलं, दुसरीत मधली आळी. समितीच्या बैठकीत ती उभी राहिली आणि म्हणाली, एवढ्या फाईली हव्यातच कशाला, एकच पुरे. हुकुमात वस्तीचं नाव लिहायचंच नाही. त्या जागी एक रिकामं खोकं ठेवायचं. त्याला व्हेरिएबल म्हणतात. हुकूम सुटताना खोक्यात ज्या वस्तीचं नाव असेल, तिचा व्हॉल्व्ह उघडेल. मग टेकडीलाही तिची स्वतंत्र पाळी देता येईल आणि त्यासाठी ठेकेदाराचे पाय धरायला नकोत.

हैबतराव माझ्याकडे बघायला लागले आणि मी भिंतीकडे. आमची तोंडं बघून तिने सावडीचा विषय काढला. आमच्याकडे भाताची लावणी सावडीवर होते. चार घरांनी मिळून आज एकाच्या खाचरात लावणी करायची, उद्या दुसऱ्याच्या. ज्याचं रान, त्याच्या घरची भाकरी.

"सावडीला प्रत्येक रानासाठी वेगळ्या बाया आणता का तुम्ही?" तिने विचारलं. "बाया त्याच, काम तेच. आज कुणाचं रान, एवढंच बदलतं. हे तसंच आहे."

एवढं सोपं करून सांगितल्यावर नाही कोण म्हणणार? हैबतरावांनी होकार दिला.

तिने एकच स्क्रिप्ट लिहिली आणि दुपारी, टाकी रिकामी असताना, तपासून बघितली. ती ऑफिसात काळ्या पडद्यावर वस्तीचं नाव भरायची, स्क्रिप्ट सोडायची आणि टाकीजवळ उभा असलेला बहिरू फोनवर सांगायचा की बरोबर तोच व्हॉल्व्ह फिरला. सगळ्या वस्त्यांची नावं झाली. मोनिका त्या दिवशी पेढे वाटायच्याच बेतात होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडले. गावठाणात करंगळीएवढी धार, मधल्या आळीत तेवढीही नाही, आणि टाकी बघता बघता रिकामी. माझ्याकडे तर पाहुणे आलेले, त्यांना अर्ध्या बादलीत आंघोळ करा म्हणून सांगायची पाळी माझ्यावर आली. ऑफिस उघडायच्या आत पंचायतीपुढे गर्दी झाली. सगळं खापर मोनिकावर फुटलं. टेकडीवाल्यांनी मुद्दाम केलं, असंही एकजण बोलला. त्याला मी तिथल्या तिथे विचारलं, टेकडीवर पाणी चढलं का? नाही ना? मग गप बस.

हैबतरावांनी मात्र निकाल दिला. उद्यापासून ठेकेदाराच्या जुन्या फाईली सुरू. पुन्हा त्यांना हात लावायचा नाही आणि टेकडीचं काय ते आराखड्यात बघू. मोनिकाचं कंत्राट पुढे चालू ठेवायचं की नाही, तेही बघू म्हणाले. गर्दी पांगली तरी मोनिका खुर्चीतून उठली नाही. चूक तिला सापडली होती आणि सापडल्यामुळेच ती जास्त खचली होती. तपासताना वस्तीचं नाव तिने पडद्यावरच्या स्वतःच्या खिडकीत भरलं होतं. पहाटे वेळापत्रकाप्रमाणे कॉम्प्युटर आपली वेगळी खिडकी उघडतो, आणि त्या खिडकीला हे नाव माहीतच नव्हतं. तिथे खोकं रिकामं राहिलं. आणि व्हॉल्व्हच्या यंत्राचा नियम असा, की नाव दिलं नाही तर सगळे उघडायचे.

आरडाओरडा वर टेकडीपर्यंत गेला असणार, कारण आक्काबाई गुडघे धरत खाली आली. सुनेला रागावेल असं मला वाटलं. ती शेजारी बसली आणि काय झालं ते नीट सांगायला लावलं. मोनिकाने सांगितलं. म्हातारीने ऐकून घेतलं.

"मंग तू नाव घरातल्या घरातच बोललीस," आक्काबाई म्हणाली. "बांधावरच्या बायांना कसं कळावं? आमी सांजच्याला खाचरातनं पाय काढायच्या आदी इचारतो, उद्या कुनाचं. उत्तर मिळाल्याबिगर कुनी घरला जात न्हाई."

मोनिकाने डोळे पुसले, कीबोर्ड पुढे ओढला आणि कामाला लागली. वेळापत्रकात ज्या ओळीवर स्क्रिप्टला हाक मारायची, त्याच ओळीवर पुढे वस्तीचं नाव लिहिलं. म्हणजे हाकेबरोबर नावही जाणार, कुठल्या खिडकीत काय भरलंय याचा संबंधच नको. आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीला तिने सावडीची रीत घातली: खोकं रिकामं असेल तर एकाही व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, मागे फिरायचं आणि तिच्या फोनवर निरोप द्यायचा. नाव असेल तर आधी बाकीचे सगळे बंद करायचे, मग तो एक उघडायचा.

मग ती हैबतरावांच्या घरी गेली. मी तिच्याबरोबर गेले, कारण ती एकटी गेली असती तर ते ओसरीवरूनच तिला परत पाठवणार हे मला माहीत होतं. तिने फक्त एक सकाळ मागितली. वर आणखी एक मागणी केली, ती ऐकून माझेही डोळे मोठे झाले. टेकडीची पाळी पहिली हवी. टाकी काठोकाठ असते तेव्हाच पाणी वर चढेल, उतरल्यावर नाही. हैबतराव उसळले. पाणी पहिलं गावठाणाला, हा मान पूर्वीपासूनचा, तो कसा मोडायचा?

मला अशा वेळी राहवत नाही. मी म्हटलं, "नळाला कसला आलाय मान? मी पण गावठाणातलीच हाय. माजा चहा थोडा उशिरा झाला तर मी मरत न्हाई. त्या बायांनी किती वर्सं डोक्यावरनं वाहायचं?"

आतून हैबतरावांच्या बायकोने, खरं हाय की त्यांचं, असं ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं. सरपंचांनी बराच वेळ मिशीवरून हात फिरवला. शेवटी एक सकाळ दिली. चुकलं तर कॉम्प्युटरला कुलूप आणि टेकडीच्या पाण्याचं नाव पुन्हा काढायचं नाही, एवढं बजावून दिली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास मी ऑफिसात गेले. मोनिका पडद्यापुढे बसली होती, हात मांडीवर घट्ट धरून. आता तिला काही करायचंच नव्हतं. वेळ झाली आणि पडद्यावर एक ओळ उमटली. लगेच बहिरूचा फोन आला. त्याच्या आवाजात राग नव्हता, हे मला आधी जाणवलं. एकच उघडलाय, बाकीचे गप हायेत, पाइपाला कान लावला तर घुमतंय, असं तो म्हणाला.

पण पाणी वर पोचलं की नाही ते कुणी सांगायचं? मोनिकाने आक्काबाईला फोन लावला. उचलला नाही. धम्मपालला लावला, त्याचाही तोच प्रकार. तिचा चेहरा उतरला. तेवढ्यात आक्काबाईचाच फोन आला आणि त्यातून असा गलका ऐकू आला की मला वाटलं भांडण लागलंय. बाया ओरडत होत्या, भांडी आपटत होती आणि त्या सगळ्यांच्या वर पाण्याचा आवाज.

"पोरी, पानी थांबंना," आक्काबाई ओरडून सांगत होती. "हंडे भरले, पिंप भरलं, पातेली भरली. आता अंगनातनं वाहाया लागलंय."

मोनिका हसायला लागली आणि हसता हसता हुंदके द्यायला लागली. नळ बंद करा, नळ बंद करा, असं ती फोनमध्ये सांगत राहिली. मला तर अभिमानाने भरून आलं. पोरीने जिंकलं होतं.

पाणी पोचलं का ते बघायला बहिरू पाना घेऊन आधीच टेकडीकडे निघाला होता. मीही चढले, दोन ठिकाणी थांबून दम खाल्ला आणि डोक्यावर हंडा नसताना माझी ही गत, हे मनात आल्यावाचून राहिलं नाही. वर बघते तो प्रत्येक दारातला नळ धो धो वाहत होता आणि माणसं त्याच्याभोवती नुसती उभी होती. नळांच्या चाव्या जागच्या जागी गंजून गेल्या होत्या. बसवल्यापासून एकाही घराला नळ बंद करायची गरजच पडली नव्हती.

बहिरू एकेक चावी पान्याने सैल करत पुढे निघाला. आक्काबाईच्या दारात त्याने चावी सैल केली आणि फिरवायला हात घातला, तर तिने त्याला थांबवलं.

"ऱ्हाऊ द्या, बहिरूभाऊ. माजा मी करते."

तिने ओला पदर खोचला आणि दोन्ही हातांनी नळ बंद केला.