वाढणारा कोळसा

आमच्या गल्लीतल्या करवत्याला लाकडातलं सगळं कळायचं, आणि कळत नाही असं तो कधी म्हणायचा नाही, एवढाच त्याच्यात दोष. त्याची करवत दोन मुठींची. एक मूठ त्याच्या हातात, दुसरी धाकट्या मेहुण्याच्या. वीस वर्षं दोघं समोरासमोर बसून ओढत आले. बोलणं कमी, भुसा जास्त.

मग करवत्याच्या परसातलं झाड वाळलं. तो बघायला गेला, तर खोडावर काळे, टणक गोळे. हात लावला, हात काळा झाला. त्यानं तिथंच निकाल दिला, "मेहुण्यानं विडी टाकली. झाड पेटलं, हे निखारे विझून बसलेत."

"दाजी, विडी सोडून वर्ष झालं मला!"

"मग झाडानं ओढली का?"

मेहुणा आपली चहाची किटली उचलून जो गेला, तो दोन महिने फिरकला नाही. करवत खुंटीला लटकली. एकट्यानं ओढली तर सापासारखी वळवळे. बायकोला दुसऱ्या टोकाला बसवलं, तर ती ओढायच्या वेळी ढकलायची. इकडे न कापलेलं खोड भुसभुशीत होत चाललेलं; आणखी महिना गेला असता तर फळी सोडा, भुगाच हाती आला असता.

शेवटी बायकोच खोडाशी वाकून म्हणाली, "अहो, हा गोळा मागे बटणाएवढा होता. आता लिंबाएवढा झालाय. विझलेला कोळसा वाढतो होय?"

करवत्या खोडाशी वाकला. त्यानं गोळा उपटून मधोमध कापला. आत कड्यांमागून कड्या, एक राखाडी, एक काळी. खालच्या लाकडावर जळाल्याची खूणही नाही. मेलेल्या झाडावर पोसलेली बुरशी होती ती, आणि हाताला लागायची ती तिची भुकटी.

 त्याच संध्याकाळी करवत खांद्यावर, अर्धा गोळा हातात, असा तो मेहुण्याच्या दारात उभा राहिला.

"बुरशी आहे," तो म्हणाला. मग करवत खांद्यावरून उतरवत, "करवतीला तुझी आठवण येते."

"म्हणजे झाड मी जाळलं नाही?"

"करवतीचं तसं म्हणणं आहे."

"मग करवतीनंच माफी मागावी."

करवत्यानं डावीउजवीकडे पाहिलं. आम्ही गल्लीतले सगळे बघत उभेच होतो. त्यानं करवत समोर उभी धरली आणि तिचं वरचं टोक, नमस्काराला वाकावं तसं, हळूहळू जमिनीपर्यंत वाकवलं. पातं ताठ, मूठ हातात. तिच्याबरोबर त्यालाही तेवढंच वाकावं लागलं.

मेहुण्यानं चटकन दुसरी मूठ धरली. "पुरे दाजी. पातं मोडेल."