परसातली आईची चवळी

आमच्या घरमालकीण अक्का नसत्या तर ही चवळी जगली नसती. आधी त्यांचं नाव घ्यायला हवं, पण नावानं त्यांना कुणीच हाक मारत नाही. अख्ख्या गल्लीच्या त्या अक्काच. घरात कन्नड बोलतात, आमच्याशी मराठी. मागच्या परसातला नळाजवळचा तुकडा त्यांनी मला न मागता दिला. "मोकळी पडलीया जागा. लाव की काय लावायचं ते," म्हणाल्या.

माझं माहेर तळकोकणात. नवऱ्याला टॉवेलच्या कारखान्यात काम लागलं म्हणून आम्ही सोलापूरला आलो. मी खोलीतच मशीनवर टॉवेलच्या कडा शिवते. निघताना आईनं एक बाटली दिली होती. आत राख आणि राखेत चवळीचं बी. बारीक, तांबूस, आमच्याच मळ्यातलं. आई म्हणाली, "माकडां काय्येक ठेवनत नाय गो. मी आता पेरूचंय नाय. होता ता सगळा तुका दिलंय."

तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. मला तशीही सगळ्याची धास्ती वाटते. गॅस बंद केला का ते मी पुन्हा पुन्हा बघून येते. त्यात आता हे. आईच्या आईपासून चालत आलेलं बी एका बाटलीत, आणि बाटली माझ्या हातात.

सातवीत शाळा सुटल्यापासून मी आईबरोबर मळ्यातच होते, तेव्हा चवळी तरी आपल्याला येते अशी माझी समजूत. श्रावणात अर्धं बी पेरलं आणि माहेरच्यासारखं सकाळ-संध्याकाळ शिंपण सुरू केलं. आमच्या लाल मातीत कळशी ओतली की पाणी दिसेनासं होतं. इथं ते साचून राहायचं, तरी मी घालतच होते. बरेच दिवस काही वर येईना. शेवटी उकरून पाहिलं. बी फुगून बुळबुळीत झालेलं, वास मारत होतं. मी तिथंच चिखलात बसून रडले.

अक्का दारात आल्या. वाफा बघितला, मला बघितलं.

"चवळी पेरलीस का भात लावलास गं?"

मला रडता रडता हसू आलं.

"काळी माती हाय ही. एकदा प्याली की लई दिवस धरून ठेवती. सगळं टाकलंस का काय?"

"अर्धं हाय बाटलीत." इथं राहून माझ्याही तोंडात 'हाय' बसलाय.

"मग कशाला रडतीस? दसरा होऊ दे. तवर बाटलीला हात लावू नको. आणि त्या झारीला बी."

दसऱ्यानंतर त्यांनी मला वाफसा दाखवला. मूठभर माती दाबायची, गोळा करायचा आणि सोडून द्यायचा. पडून थपकन बसला तर माती अजून ओली. भुगा होऊन विखुरला तर पेरायला हरकत नाही. मी रोज गोळे टाकून बघत होते. नवरा म्हणायचा, "लाडू वळतीस का?" एके दिवशी गोळा फुटला. अक्कांनी वाळू मिसळून उंच वरंबा करून दिला आणि आम्ही दोघींनी मिळून बी टोचलं. पाणी घालायचं नाही, अशी ताकीद होती. माझा हात शिवशिवायचा. मग मी झारी त्यांच्याच स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.

आठवड्यात माती फोडून वाकड्या माना वर आल्या. मी फोनवर सांगितलं तर आई नुसतीच हसत राहिली.

पुढे शेंड्यांवर काळा मावा पडला, तेव्हा अक्कांनी पहाटेच्या दवात चुलीची राख मारली. माझं येणं-जाणं बघून त्या म्हणायच्या, "वेलाला जरा एकटं सोड की. सासू हायेस का त्याची?" थंडीत फुलं आली, मग पहिल्या शेंगा लोंबल्या. पहिल्या, भरलेल्या शेंगा बियाण्याला. हे आमच्याकडंही असतं आणि त्यांच्याकडंही. टॉवेलच्या कडेच्या चिंध्या माझ्याकडं ढीगभर. त्यातल्या प्रत्येक शेंगेच्या देठाला, तोडायची नाही अशी खूण म्हणून, मी एकेक बांधली. वेल सगळा पांढऱ्या चिंध्यांनी भरला.

तेवढ्यात येळवस आली. अमावस्येला शेतात कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोपटी, करून पूजा करतात, आणि ओल्या शेंगा-भाज्यांची भज्जी भाकरीबरोबर तिथंच बसून खातात. अक्कांचं शेत अक्कलकोटकडे आहे. आदल्या संध्याकाळी त्या आणि त्यांची जाऊ भज्जीचं निवडत बसल्या होत्या. सगळं होतं, ओली चवळी तेवढी नव्हती. बाजारात मिळाली नव्हती. माझ्या वेलावर चिंध्या बांधलेल्या सोडल्या तर बाकीच्या सगळ्या दोऱ्यासारख्या बारीक.

ज्यांनी जागा दिली, माती दिली, त्यांच्या देवाला मूठभर शेंगा द्यायच्या नाहीत? मी म्हटलं, "अक्का, तोडते मी."

"बस खाली."

जाऊ म्हणाली, "दारात येल आणि भज्जीत दुकानातली वाळकी चवळी? पाहुणे काय म्हणतील?"

"म्हणू देत की. येल माझा न्हाय. तिच्या आईचा हाय." एवढं बोलून अक्कांनी डब्यातली वाळकी चवळी भिजत घातली.

दुसऱ्या दिवशी कोपीपुढं बसून मी ती भज्जी खाल्ली. चवळी जरा कचवट राहिली होती. मी दोनदा मागून घेतली.

आता शेंगा वाळल्यात. हलवलं की आत बी वाजतं. एक बाटली भरली राखेत, दुसरीही भरत आलीय. शिमग्याला एक आईकडं जाईल. माकडं अजून आहेतच, पण ती म्हणते, दाराशी चार वेल तरी लावीन.

दुसरी बाटली अक्कांच्या शेतासाठी. जमेल त्या वर्षी, मशीनचं काम बाजूला ठेवून, दसऱ्यानंतर मी त्यांच्या बांधाकडेनं चवळीची ओळ स्वतःच्या हातानं टोचणार आहे. वाफसा बघूनच. आणि त्या येळवसीला अक्कांच्या भज्जीत ओली चवळी मी घालीन, ओंजळ भरून.