येळवशीच्या दिवशी भरलेले पैसे

त्या प्रकरणाचा विषय निघाला की मला आरोपीचा चेहरा नंतर आठवतो, आधी आठवते ती कात्री. दांडीला लाल रिबन बांधलेली, स्टीलच्या ताटात गुलाबाच्या पाकळ्यांवर ठेवलेली. मी ती ऐटीत उचलली, फीत कापली आणि फोटोग्राफरनं सांगितलं म्हणून पुन्हा एकदा कापल्यासारखं केलं. पोलीस खात्यातल्या माझ्या सगळ्या मूर्खपणांत त्या कात्रीचा पहिला नंबर आहे.

तेव्हा मी लातुरातल्या एका ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होते. पंचेचाळिशीची, गणवेशाला कडक इस्त्री, आणि आपल्याला माणूस बघताक्षणी कळतो अशी पक्की समजूत. शहरात बाई अधिकारी मोजक्याच, त्यामुळे उद्घाटनाला बोलावणी फार. ब्युटी पार्लर, शिकवणी वर्ग, आईस्क्रीमचं दुकान. मी कशालाच नाही म्हणत नसे. त्यातच परदेशी जाणाऱ्यांचे व्हिसाचे कागद करून देणाऱ्या एका एजंटाचं ऑफिस निघालं. पुण्याकडून आलेला, गोड बोलणारा, मला वाकून नमस्कार करणारा. त्यानं नमस्कार केला तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. मी उलट मनात म्हटलं, मुलगा संस्कारी आहे.

वर्ष-सव्वा वर्षानं एका सकाळी ठाण्यात फोन वाजला. बँकेच्या एका शाखेतून अधिकारी बोलत होते.

"मॅडम, समोर एक मुलगी बसलीय, व्हिसासाठी उताऱ्यावर आमची सही घ्यायला आलीय. तिच्याकडे आमच्या बँकेचं खातेउताऱ्याचं पान आहे. शिक्का आमच्यासारखा आहे, पण आमचा नाही. आकडे तर अजिबातच आमचे नाहीत."

मी महिला शिपाई पाठवली. अर्ध्या तासात मुलगी ठाण्यात आली. चोवीस-पंचवीसची, बी.एस्सी. झालेली, छातीशी प्लॅस्टिकची निळी फाईल घट्ट धरलेली. मागोमाग तिची आजी. तिला कुणीच बोलावलं नव्हतं. "पोरीला एकटीला न्हाई सोडायची म्या," म्हणत ती माझ्या टेबलासमोरच्या बाकावर मांडी घालून बसली.

मुलगी किल्लारीकडची. नवरा इंग्लंडमध्ये एका गोदामात कामाला. लग्नाला वर्ष होत आलेलं, त्यातले दोघांनी एकत्र काढलेले दिवस एकोणीस. तिला नवऱ्याकडे जायचा व्हिसा हवा होता आणि पाच दिवसांनी पुण्याच्या केंद्रात सगळे कागद घेऊन हजर व्हायचं होतं. त्या देशाचा नियम असा, की नवऱ्याची कमाई ठरावीक रकमेच्या वर पाहिजे. याची थोडी कमी पडत होती. ती कसर बचत दाखवून भरून काढता येते, पण ती बचत सलग सहा महिने खात्यात पडून असली पाहिजे आणि ती आली कुठून हेही दाखवलं पाहिजे. आणि एखादा कागद खोटा निघाला, तर पुढची कित्येक वर्षं दार बंद.

फाईलमधलं ते पान मी बघितलं. मुलीच्या खात्यात सहा-सात महिने थोडे थोडे पैसे रोख भरलेले, भरणारे तिचे वडील. बँकेच्या संगणकावर मात्र यातली एकही नोंद नव्हती.

"कुणी बनवून दिलं हे?" मी आवाज चढवला.

"ऑफिसवाल्या साहेबांनी. आम्हाला वाटलं बँकेतूनच आणलं, आतलं काई वाचलंच न्हाई."

"आणि तू विश्वास ठेवलास? एवढी शिकलेली पोरगी?"

तिनं मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, तिथं भिंतीवर तुमचा फोटो हाय. कात्री घेतलेला. पप्पा म्हनले, पोलीसवाल्या मॅडम येऊन गेल्यात म्हंजे हितं लबाडी न्हाई व्हनार."

दारात उभे असलेले आमचे हवालदार एकदम छताचा पंखा बघायला लागले. लातूरचेच, तीन पिढ्या तिथल्या, ठाण्यात सगळे त्यांना चाचा म्हणत. पंखा बंद होता.

आता शहाण्या अधिकाऱ्यानं तिथंच थोडं थांबून पाणी प्यायला हवं होतं. मी काय केलं? लाज झाकायला तिच्यावर दुप्पट ओरडले. आज नांदेडला घरी बसून हे लिहिताना माझंच मला हसू येतं, पण त्या पोरीला तेव्हा हसू येत नव्हतं. ती फाईल सोडत नव्हती.

दुपारी एजंट आला, स्वतःहून, हातात पेढ्यांचा पुडा. "मॅडम, तुमच्या आशीर्वादानं चाललंय सगळं. पण खरं सांगू का, हे गावाकडचे लोक. उतारा त्यांनीच आणून दिला. मी विश्वासानं फाईलला लावला. आता माझं नाव खराब व्हायला लागलंय."

खोटं कशाला बोलू, मला ते पटवून घ्यायचं होतं. कुटुंब लबाड ठरलं तर एजंट साधा ठरत होता, आणि एजंट साधा ठरला तर माझ्या फोटोला धक्का नव्हता. मुलीवर बनावट कागदाचा गुन्हा दाखल करायचा, असं मी मनात जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं. एकदा गुन्हा नोंदला की तिचं इंग्लंड संपलं, हे मला कळत होतं. तरीही.

एजंटाला बाहेरच्या खोलीत बसवलं आणि जबाबाच्या तयारीसाठी मी आजीला उताऱ्यातल्या तारखा वाचून दाखवायला लागले.

"आजी, तुमचा मुलगा या तारखेला बँकेत गेला होता का?"

"आसंल बाई. म्या काय हिशेब ठेवला न्हाई."

"या तारखेला?"

"म्हाईत न्हाई."

पाचवी का सहावी तारीख डिसेंबरातली होती. आजीनं हात वर केला. "थांब. पुन्यांदा सांग ती."

मी सांगितली. तिनं बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं, डोळे मिटले, उघडले आणि म्हणाली, "त्या दिशी येळवस हुती."

"म्हणजे?"

"आगं, येळवस! येळ अमावस्या! कुठल्या गावची तू?"

मी नांदेडात रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, घरात गुंठाभर जमीन नाही. लातुरात सणाची सुट्टी असते एवढंच मला ठाऊक. आजीनं मला शिकवणी दिली. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला सगळं गाव शेतात असतं. कडब्याची कोप म्हणजे खोपटं घालतात, त्यात पाच दगडांचे पाच पांडव मांडतात, मग भाज्या-दाण्यांची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर. घराला कुलूप लावून माणसं जातात ती दिवस मावळता परततात.

"आंबिलाचं भरलेलं बिंदगं म्या सोता ल्योकाच्या डोक्यावर दिलतं. दीसभर पावनेरावळे जेवत हुते कोपीपाशी. तवा ह्यो बँकेत पैशे कवा भराया गेल्ता? येळवशीला बँकेत कोन जातंय गं?"

चाचा आतल्या खोलीत गेले. आमच्याकडे नव्या कॅलेंडरच्या मागे जुनं तसंच खिळ्याला राहायचं. ते काढून आणून त्यांनी माझ्यापुढं धरलं. मार्गशीर्ष अमावस्या, बरोबर तीच तारीख.

"मॅडम, आजी दुरुस्त बोलून ऱ्हायली," चाचा म्हणाले. "मी पन त्या दिवशी दोस्ताच्या शेतात होतो. इतकी भज्जी खाल्ली की रात्री घरी बीवीचं बोलनं खाल्लं."

बँक त्या दिवशी कदाचित उघडीही असेल, ते मी नंतर तपासणारच होते. पण माझ्या डोक्यात उजेड पडला तो वेगळा. हा कागद त्या घरातल्या कुणी रचला असता, तर त्यानं तीनशे पासष्टांतली दुसरी कुठलीही तारीख टाकली असती. लातूरकडचा शेतकरी खोटं लिहायला बसला तरी येळवशीला बँकेत गेलो असं लिहिणार नाही. हे खोटं बाहेरच्या माणसाचं होतं.

मी एजंटाला आत बोलावलं, पेढ्याचा पुडा त्याच्यापुढं सरकवला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "येळवस माहीत आहे का हो?"

त्यानं क्षणभर विचार केला. "कुठल्या तालुक्यात आहे, मॅडम?"

चाचांनी हातातल्या कॅलेंडरमागे तोंड लपवलं. आजीनं लपवलं नाही.

संध्याकाळच्या आत त्याच्या ऑफिसची झडती झाली. संगणकात उताऱ्याचा तयार साचा सापडला, आणि त्याच साच्यातून काढलेली आणखी चार कुटुंबांची पानं. चारही घरं लातूर जिल्ह्यातली, चारही बापांनी येळवशीला बँकेत पैसे भरलेले. मग तो बोलायला लागला.

खरी गंमत तर पुढंच आहे. त्या मुलीकडे खरे पैसे होते! बँकेत मी खोट्या नोंदीच तेवढ्या विचारल्या होत्या, खात्यात खरं काय आहे ते विचारलंच नव्हतं. वडिलांनी लातुरातला एक प्लॉट रीतसर विकला होता, चेक मुलीच्या खात्यात भरला होता आणि त्याला सात महिने होऊन गेले होते. नियमाला तेवढं पुरत होतं. पण एकदम आलेली मोठी रक्कम बघून तिकडच्या साहेबांना संशय येतो, असं सांगून एजंटानं त्यांना घाबरवलं, "मी सगळं व्यवस्थित बसवून देतो" म्हणून जादा फी घेतली आणि खऱ्या पैशाला खोटा कागद जोडून दिला.

झडतीत चाचा पंचनामा लिहीत होते. टेबल, संगणक, शिक्के तीन. मग ते भिंतीपाशी अडखळले. दोन्ही पंच एकदा फोटोकडे, एकदा माझ्याकडे बघत होते.

"मॅडम, हे बी लिहू?"

"लिहा. भिंतीवर एक फोटो, त्यात फीत कापणारी महिला पोलीस अधिकारी."

"नाव?"

"माझंच. दुसऱ्या कुणाचं लिहिणार?"

वरून खुलासा मागितला गेला, बोलणी बसली, ती मी खाली मान घालून ऐकली. ऐकायलाच हवी होती.

राहिले चार दिवस. मी बनावट पानं आणि शिक्के तेवढे जप्त केले. निळ्या फाईलमधला एकही खरा कागद अडकवून ठेवला नाही. मग त्या मुलीला समोर बसवलं आणि आम्ही तिचे कागद दोषारोपपत्र लावतात तसे लावले. बँकेच्या सहीशिक्क्याचा खरा उतारा. प्लॉटचं खरेदीखत आणि त्याचं इंग्रजी भाषांतर. चेकची रक्कम आणि खात्यातली रक्कम एकच आहे, हे दाखवणारी खूण. नवऱ्याच्या पगाराच्या पावत्या त्याच्या खात्यातल्या जमेशी एकेक ताडून बघितल्या. एका महिन्यात पगार कमी दिसत होता.

"हा महिना कसला गं?"

ती लाजली. "लग्नाला आले हुते ना. बिनपगारी रजा."

"मग तेच लिही. मालकाचं पत्र मागव."

पाचव्या दिवशी ती पुण्याला वेळेवर पोचली. काही महिन्यांनी आजी पेढे घेऊन ठाण्यात आली, आणि मी पुडा उघडायच्या आधी म्हणाली, "खा. ह्ये खरं हायेत."

या प्रकरणानं मला काय शिकवलं, तर गुन्हेगार ओळखण्यापेक्षा आपल्याला कोण गुन्हेगार ठरायला हवा आहे, ते आधी तपासावं. मला त्या दिवशी गुन्हेगार म्हणून एक निरपराध पोरगी हवी होती, माझ्या फोटोसाठी. आजी मागोमाग आली नसती तर मी ती मिळवलीही असती. फीत मात्र त्यानंतर एकही कापली नाही. नातीच्या वाढदिवसाच्या खोक्यावरची रिबनसुद्धा मी दातांनी तोडते, आणि घरात हसतात.

पुढच्या मार्गशीर्षात एका दुपारी परदेशातून फोन आला. मागे भांड्यांचा आवाज, कुणीतरी पुरुष हसत काहीतरी विचारत होता, भज्जीत मीठ किती म्हणून. मी "कोण?" म्हणायच्या आत पलीकडून मुलगी म्हणाली:

"मॅडम, आज येळवस. हितं समदं चालू हाय, सुट्टी न्हाई का काई न्हाई. पन म्या काई बँकेत गेले न्हाई."