दोन वेण्यांचा मुलगा

अलास्कातल्या आमच्या कुइचाराक गावात माणसं मोजायला एक कस्साक आला होता. कस्साक म्हणजे गोरा, बाहेरचा. हा अगदीच पाप्याचं पितर, नाक थंडीने सोललेलं. विमानातून मीच त्याला उतरवून घेतला. खडीच्या धावपट्टीवर विमानं घेणं नि सोडणं हे माझं काम, त्यामुळे गावात येणारा आणि गावातून जाणारा प्रत्येक जण माझ्या हातातून जातो. एके काळी मला ह्या कामाची ऐट वाटायची.

त्याला आमची युपिक भाषा येत नव्हती, म्हणून दुभाष्या मीच. पहिलं घर टेक्लाचं. टेक्ला माझी सख्खी मामेबहीण. आमच्यात आतेभाऊ-मामेबहीण म्हणजे हक्काच्या चेष्टेचं नातं. एकमेकांची टर उडवली नाही तर लोक काळजीने विचारतात, काय रे, भांडलात काय?

"घरात कोण कोण असतं?" त्याने विचारलं.

"मी आणि माझा मुलगा," टेक्ला म्हणाली.

"मुलाचं वय?"

"आठ."

त्याने टेक्लाच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, तोंडातल्या उरलेल्या दातांकडे पाहिलं. "कुठाय तो?"

टेक्लाने खिडकीतून बोट दाखवलं. बाहेर बर्फाच्या ढिगावरून एक पोरगी पोटावर घसरत येत होती. दोन लांब वेण्या, नाकाला शेंबूड.

"ही तर मुलगी आहे," तो म्हणाला.

"मग? वेण्या मीच घालते त्याच्या."

मी हसून हसून भिंतीला टेकलो. त्याला म्हटलं, बाबा, लिही ती सांगते ते, नाहीतर चहा मिळायचा नाही. त्याने लिहिलं. मग आम्ही शेजारी जस्टीनाकडे गेलो, तर तीच पोरगी तिथे सुकट मासा चावत बसलेली. जस्टीना म्हणाली, ही माझी मुलगी लॉरीन. त्याने तेही लिहिलं. एकच पोर दोन घरांत मोजलं गेलं आणि गावाला ते हिवाळाभर हसायला पुरलं.

पण टेक्ला खोटं बोलली नव्हती. आंगाईक तिचा एकुलता एक मुलगा. त्या वर्षी हिवाळा नुकता लागलेला, नदी वरून गोठलेली, आतून कच्ची. तो बर्फगाडी घेऊन पलीकडे गेला आणि मधेच बर्फ फुटला. वसंतात पाणी मोकळं झालं तेव्हा खालच्या वळणावर सापडला. त्याच आठवड्यात शेजारी जस्टीनाला मुलगी झाली. टेक्ला तशीच सुजल्या डोळ्यांनी गेली, बाळाच्या टाळूवर पाण्याचे थेंब सोडले आणि म्हणाली, "आलास होय रे, आंगाईक."

आमच्यात नाव नुसतं हाक मारायला ठेवत नाहीत. नाव दिलं की गेलेला परत आला. मुलगा असो की मुलगी, त्याने काही बिघडत नाही. लॉरीन हे शाळेतलं नाव. टेक्लासाठी तो आंगाईक, आणि पोरगीसुद्धा टेक्लाच्या दारात पाऊल टाकलं की "आलो गं आई" म्हणायची. जस्टीना तिची आई, टेक्लाही तिची आई, ह्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. टेक्लाने मुलाचे सीलच्या कातड्याचे बूट जपून ठेवलेले, ते दर वर्षी ह्या पोरीच्या पायाला लावून बघायची. "अजून मोठे होतात," म्हणायची आणि परत ठेवायची.

एकदा तर गंमतच. पोरगी टेक्लाला दरडावून म्हणाली, "आई, पातळ बर्फावर जायचं नाही हं!" टेक्लाचा चेहरा असा झाला की मला हसूही येईना. "तूच सांग बाबा मला," ती म्हणाली आणि तिला मांडीवर घेतलं.

पहिल्यांदा बादलीभर बेऱ्या वेचल्या तेव्हा पोरीने एकही तोंडात टाकली नाही. पहिली वेचणी सगळी म्हाताऱ्यांना वाटायची, हा आमचा रिवाज. ती तडक टेक्लाकडे गेली. टेक्लाने त्याचं आकुताक केलं, चरबी-साखर घालून फेटलं, आणि मला चाखायला वाटीच्या बुडाएवढं दिलं. मी म्हटलं, "तुझ्या मुलाला काहीतरी रीत शिकव, आत्याच्या लेकाला एवढंच?" तर म्हणाली, "तुझ्या पोटाला मुलाची बादली पुरणार नाही, गावाची लागेल."

हे सगळं सुखाचं होतं. आता पुढचं सांगायला जीभ जड होते.

गेल्या शरदात समुद्राकडून वादळ आलं आणि नदीचा काठ खाऊन गेलं. जमीन आतून गोठलेली असायची तोवर तग धरायची. आता ती विरघळते आणि चिखल होऊन ढासळते. जस्टीनाच्या घराचा मागचा खांब उघडा पडला. पहाटे उठावं तर कालची वाट नाही. सरकारचे लोक आले, फोटो काढले, गाव हलवायला हवं म्हणाले, आम्ही म्हटलं हलवा, ते म्हणाले विचार चालू आहे. तेव्हापासून विचार चालूच आहे. माझ्या तोंडी शिव्या येतात, पण देऊ कुणाला? नदीला?

त्यातून शाळेची गोष्ट. दहा पोरं असतील तरच शाळा, नाहीतर कुलूप. आमच्याकडे बरोबर दहा होती, त्यात लॉरीन. एक जरी गेलं तरी शाळा बंद, आणि शाळा बंद झाली की पोरंबाळं असलेली उरलेली घरंही शहराची वाट धरणार. हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं.

एक दिवस घराघरांतल्या बोलायच्या रेडिओवर जस्टीनाने मला विचारलं, अँकरेजला, शहरात जायला जागा आहे का. रेडिओ सगळ्या घरांत चालू असतो. म्हणजे सगळ्या गावाने ऐकलं.

टेक्ला माझ्याकडे आली. "चल माझ्याबरोबर."

"मी कशाला? दोन बायकांच्या मधे मी म्हणजे..."

"चल म्हणते ना."

जस्टीना खोक्यांत भांडी भरत होती. एका हाताने मांडीवरच्या धाकट्या बाळाला थोपटत होती, त्याची छाती घरघरत होती. टेक्ला दारातच उभी राहिली. आयुष्यात कुणाकडे काही मागितलेली बाई नव्हे ती.

"जस्टीना, तू जा. बाळाला दवाखाना हवा, मला कळतंय. नवरा तिथे कामाला आहे. पण आंगाईकला माझ्याकडे ठेव. माझं घर काठापासून लांब आहे. शाळाही राहील. उन्हाळ्यात मी त्याला पाठवीन तुझ्याकडे." मग ती एक पाऊल आत आली. "माझा पण आहे ना गं तो."

जस्टीना रडत नव्हती, त्याचीच मला भीती वाटली. ती म्हणाली, "मावशी, तुझा आहे. मी कधी नाही म्हटलं का? पण मला एकच सांग. ह्या नदीने तुझा एकदा नेला. मी परत तिच्याच काठावर ठेवून जाऊ?"

दोघींचं खरं होतं. कुणीतरी चुकत असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

पोरगी कोपऱ्यात बसून ऐकत होती. टेक्ला तिला म्हणाली, "तुला काय वाटतं रे?"

"मी दोघींकडे राहणार," ती म्हणाली.

ते तेवढं एकच शक्य नव्हतं.

विमानाच्या दिवशी नेमकं आकाश स्वच्छ. आमच्याकडे आठवडा आठवडा धुकं असतं, विमान येत नाही. त्या दिवशी मी देवाजवळ धुकं मागितलं आणि त्याने ऊन दिलं. सामान मी वजनाला लावलं. जड झालं. वैमानिक म्हणाला, एक खोकं ठेवावं लागेल. टेक्लाने दिलेलं सुकटीचं आणि सीलच्या तेलाचं खोकं सगळ्यांत जड होतं. मी ते हातात घेतलं आणि तसाच उभा राहिलो. शेवटी जस्टीनाने आपली भांडी काढली आणि म्हणाली, "तेल जाऊ दे. भांडी तिकडे मिळतात."

टेक्ला बूट घेऊन आली होती. आंगाईकचे. पोरीच्या पायात अजूनही मोठेच. तिने आत गवत भरलं, ठासून भरलं, आणि बांधले.

ह्या वेळी मी काहीतरी चेष्टा करायची, हे माझं काम. लोक माझ्याकडे बघत होते. मला एक विनोद सुचेना. नालायक तोंड माझं, सगळ्या जन्मात एकदा हवं होतं तेव्हा बंद पडलं.

पोरगी पायरीवर चढली आणि वळली. "येतो गं आई."

"ये हं," टेक्ला म्हणाली.

विमानाचं दार मी माझ्या हाताने लावलं. दुसरं कोण लावणार?

शाळेला कुलूप लागलं. मास्तर गेले. नाताळच्या आत अजून दोन घरं गेली, त्यांचीही दारं मीच लावली. लॉरीन फोन करते. आधी "आलो गं आई" म्हणायची. परवा टेक्ला मला म्हणाली, "आता तो इंग्रजीत बोलतो. आणि वेण्या कापल्या." एवढं सांगून ती फोनकडे बघत बसली.

काल मी तिच्याकडे चहाला बसलो होतो. ती उगाचच खिडकीतून त्या बर्फाच्या ढिगाकडे पाहत म्हणाली, "पिट्का, मी गेले की माझं नाव कुणात ठेवशील?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मनातल्या मनात घरं धुंडाळायला लागलो. ह्या घरात म्हातारा. त्या घरात म्हातारा-म्हातारी. पलीकडे रिकामं. गावात एक पाळणा नाही, एका बाईला दिवस गेलेले नाहीत. टेक्ला येईल कुठे? गाव उरलं तरी तिला परत यायला जागा नाही.

तेव्हा कुठे माझी चेष्टा परत आली. मी म्हटलं, "मग असं कर, तू मरूच नकोस."

ती हसेल असं वाटलं. तिने विचार केला, बाजारहाटाचा करावा तसा. "बरं," म्हणाली. "मग तूही मरू नकोस. तुझं नाव तर पोरं असती तरी कुणी घेतलं नसतं."

आम्ही दोघं हसलो. मी निघालो तेव्हा ती नेहमीप्रमाणे पायऱ्यांपर्यंत आली. एरवी धडधडत उतरणारी बाई. आता तिने दोन्ही हातांनी कठडा धरला, आधी एक पाय ठेवला, बर्फ चाचपला, मग दुसरा ठेवला. मी खाली उभा राहून बघत होतो. मग मीही वाट चाचपत घरी आलो.