मांडवामागची पोती

मे महिन्यातला शेवटचा रविवार, सकाळ, आसेगाव. हजर माणसे: जिचे लग्न होते ती माझी भाची स्वाती, तिचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ दिगंबर, नवरदेवाचे मामा भास्करराव, रिठदहून वऱ्हाडाच्या आधीच येऊन थांबलेले, कामरगावचे फोटोवाले शेषरावभाऊ, आणि सगळी व्यवस्था अंगावर घेतलेली मी, नवरीची आत्या. बाकी अख्खे गाव होते, पण या हकिकतीला एवढी माणसे पुरेत.

यांतले शेषरावभाऊ आता नाहीत.

शेषरावभाऊ फोटो काढण्याआधी माणसाला मागून पाहत. नवरा-नवरी सजून उभे असले, सगळे घाई करत असले, तरी कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून ते आधी त्यांच्या पाठीमागे एक चक्कर मारत आणि मगच समोर येत. नवख्या माणसाला ते विचित्र वाटे. कोणी विचारले तर म्हणत, "समोरून तं सारेच तयार होऊन येतात. मांगून कोनीच तयार नसते." आमच्या एका नात्यातल्या लग्नात अशीच चक्कर मारून आले आणि फोटो न काढता नवरीच्या आईजवळ गेले. तिच्या हातात गुळाचा खडा ठेवला आणि तिला खाली बसवले. बाई सकाळपासून उपाशी होती. समोरून हसत होती आणि मागे एका हाताने मांडवाचा खांब घट्ट धरून उभी होती. ते भाऊंशिवाय कोणाला दिसले नव्हते.

पण ज्याला असे सगळे दिसते तो माणूस संशयीही असतो. शेषरावभाऊंचा कशावरही विश्वास नव्हता. हलवायाने तूप म्हटले की ते बोटाला लावून वास घेत. कोणी नवरदेव इंजिनीअर आहे असे सांगितले की विचारत, "कशाचा?" स्वातीचे लग्न 'पर्यावरणपूरक' होणार हे ऐकल्यावर त्यांनी मला विचारले, "ताई, यात कोनाचं काय लपून राह्यलं?"

काही लपलेले नव्हते, असे मला तेव्हा वाटत होते. सगळे स्वातीच्या मनातले होते. पत्रिका कापडी रुमालावर छापल्या, म्हणजे धुतल्या की रुमाल वापरता येईल. मांडव बांबूचा आणि वर जांभळाच्या डहाळ्या. जेवायला पळसाच्या पत्रावळी, पाण्याला रांजण आणि घरोघरून गोळा केलेले स्टीलचे गिलास, ज्यांच्या बुडाला ज्याच्या त्याच्या घरचे नाव कोरलेले. डीजे नाही, फटाके नाहीत. अक्षता म्हणून तांदळाऐवजी झेंडूच्या पाकळ्या. आणि स्वातीने चारचौघांत सांगून टाकले होते की माझ्या लग्नात प्लास्टिकचा एक जरी गिलास दिसला, तरी मी जेवायला बसणार नाही. पोरगी बोलते तसे करते, हे गावाला माहीत. त्यामुळे निम्मे गाव आशीर्वाद द्यायला येणार होते आणि निम्मे तो गिलास शोधायला.

स्वातीने भाऊंना बजावले की अल्बमही प्लास्टिकच्या पानांचा नको. ते म्हणाले, "माहा क्यामेराबी पिलास्टिकचाच हाय पोरी. घरी ठेवून येऊ काय?" ती हसली. ते हसले नाहीत. पण पुढे अल्बम आला तो जाड कागदाचा, वर खादीचे कापड लावलेला.

माझा संशय भास्कररावांवर होता. साखरपुड्यापासून हा माणूस पाणी पुरेल ना, पाणी पुरेल ना, असे विचारत होता. डहाळ्यांच्या मांडवाला तो बकऱ्यांचा मांडव म्हणाला होता. त्या सकाळी तर दोन माणसे घेऊन तो सारखा मागच्या कडुलिंबाकडे जात होता आणि मी दिसले की बोलणे थांबवत होता. मी शेषरावभाऊंना बाजूला घेऊन सांगितले, या मामांवर जरा नजर ठेवा. ते म्हणाले, "मी साऱ्यायवरच ठेवतो. तुमच्यावरबी."

लग्नघटिकेला थोडाच वेळ होता. मी रांजणांपाशी उभी होते, तेव्हा भाऊ शेजारी येऊन हळूच म्हणाले, "ताई, मांडवामांगं ट्रॉली उभी हाय. ताडपत्रीखाली काय हाय, इचारलं काय कोनाले?"

मी गेले. ताडपत्रीचा कोपरा उचलला. खाली पोती होती आणि पोत्यांत पाण्याचे प्लास्टिकचे पाऊच, पोते फुटेल इतके भरलेले.

मला दुसरे नाव सुचलेच नाही. मी पदर खोचला आणि भास्कररावांकडे निघाले. नवरदेवाच्या मामाला ऐन लग्नात चारचौघांत विचारायचे म्हणजे काय, ते मला कळत होते. मामा रुसून वऱ्हाडासह उठला असता, आणि नाही उठला तरी स्वातीला त्या घरात जन्मभर त्याचे ऐकावे लागले असते. तरी मी निघाले होते. शेषरावभाऊ वाटेत आडवे उभे राहिले. त्यांनी कॅमेऱ्याचा मागचा पडदा माझ्यासमोर धरला.

फोटो मागून काढलेला होता. एक माणूस ट्रॉलीच्या चाकावर पाय देऊन ताडपत्रीची दोरी बांधत होता. तोंड दिसत नव्हते. पण ज्याला लहानपणी कडेवर घेऊन फिरवले, तो मागूनही ओळखू येतो. तो दिगंबर होता.

मी त्याला गोठ्यात नेऊन विचारले. तो म्हणाला, "विहीर तळाले गेली ताई. वऱ्हाडाले पानी कमी पडलं तं लोकं जन्मभर बोलतीन का दिगंबरनं सोयऱ्यायले तहानेलं ठेवलं. पोट्टी उद्या सासरी जाईन. मले इथंच राह्याचं हाय." रांजण रिकामे झाले तरच पोती उघडू, नाही झाले तर कोणाला कळणारही नाही, असा त्याचा हिशेब होता. मी त्याला रागावले, पण त्याचे अगदीच खोटे आहे असेही मला म्हणता येईना. आमच्या भागात मे महिन्यात भाजी खारट झाली तर लोक विसरतात, पाणी कमी पडले तर विसरत नाहीत.

पाकळ्या उडाल्या, लग्न लागले. पंगती बसल्या, आणि दुसऱ्याच पंगतीला रांजणांचा तळ दिसायला लागला. वाढपी तळ खरवडून गडू भरू लागले. दिगंबर माझ्याकडे पाहून ट्रॉलीच्या वाटेला लागला. मांडवात स्वाती नवऱ्याशेजारी पानावर बसायच्या बेतात होती.

तेव्हा शेषरावभाऊ तिसऱ्याच बाजूला गेले. त्यांनी लिंबापाशी उभ्या असलेल्या भास्कररावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितले, "मामा, आता काढा. आता कोनी वाईट नाही मानत."

लिंबामागे एक पिकअप उभी होती. तिच्यात गवतावर रांजणच रांजण, ओल्या पोतड्यांत गुंडाळलेले. मामांनी ते पहाटेच रिठदहून भरून आणले होते. आमच्याकडे पाणी कमी पडेल हा त्यांना संशय, आणि आधीच पुढे केले तर सोयऱ्यांना कमीपणा वाटेल ही भीती, म्हणून लपवून ठेवले होते. दोन माणसांनी रांजण उचलून मांडवात नेले. कोणी काही विचारले नाही. स्वाती जेवायला बसली.

मी शेषरावभाऊंना म्हटले, तुम्हाला सकाळपासून दोन्ही माहीत होते, मग आधी काहून नाही बोलले? ते लेन्स पुसत म्हणाले, "दोघायलेबी मांगून पाह्यलं होतं, ताई. दोघंबी एकमेकाले भेऊन राह्यले होते. आधी बोललो असतो तं दोघंबी म्हनाले असते का आमचं काहीच नाही."

संध्याकाळी दिगंबरने त्यांना गाठले आणि तो फोटो पुसून टाका म्हणून विनवले. भाऊंनी ऐकले नाही. "मी खोडत नाही. अन् दाखवतबी नाही," ते म्हणाले. "पोरीले सांगाचं काम बापाचं हाय." अल्बममध्ये तो फोटो आला नाही. पोती मात्र परत करता आली नाहीत, कारण दुकानदाराला दिली तर गावाला कळले असते. फेकली असती तर नाल्यात गेली असती, आणि तेवढे दिगंबरच्याही मनाला पटेना. शेवटी ती गोठ्यात कुटाराखाली, म्हणजे गुरांच्या भुशाच्या ढिगाखाली गेली.

त्यानंतर शेषरावभाऊ आसेगावला कोणाच्याही कार्याला आले की आधी आमच्या अंगणात येत. चहा घेत, गोठ्याकडे मान वळवत आणि विचारत, "सांगतलं काय पोरीले?" दिगंबर म्हणे, सांगतो ना. "सांगशील सांगशील," भाऊ म्हणत, "तुह्यावर विश्वास नाही ठेवत मी, पन तू सांगशील." त्यांच्या तोंडून कोणाविषयी निघालेले यापेक्षा चांगले वाक्य मी ऐकलेले नाही.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. मी कामरगावला पोहोचले तेव्हा अंगण भरले होते. समोर सगळे हात जोडून उभे होते. मी कधी मागच्या बाजूला गेले ते माझे मलाच कळले नाही. तिथून त्यांच्या बायकोचा हात दिसला, भिंतीला घट्ट टेकवलेला. मी गर्दीतून वाट काढली, तिला बसवले आणि पाणी पाजले. कोणीतरी म्हणाले, बरं झालं पाह्यलं तुमी.

स्वाती आता बचत गटाच्या बायकांना गावोगाव आपल्या लग्नाची गोष्ट सांगते. मांडवाच्या आसपास प्लास्टिकचा तुकडाही आला नव्हता, असे ती ठासून सांगते. माहेरी आली की इथेही सांगते, आणि दिगंबर दुसरीकडे पाहत असतो. तिने गोठ्याकडे पाहिले की मला धास्ती वाटते.

या रविवारी ती चार दिवसांसाठी येते आहे. माठ धुऊन भरला, गाद्यांना ऊन दाखवले, तिच्या आवडीच्या ज्वारीच्या पापड्या करून झाल्या. एक काम राहिले आहे, आणि ते माझे नाही: दिगंबरने तिला गोठ्यात न्यायचे आणि कुटार बाजूला सारायचे. आज सकाळी मी त्याला विचारले.

तो म्हणाला, सांगतो ना.